मामा, तुम्हाला कुणी अडवायचं होतं?

मामा,

दवाखाना परवापासून उघडलाय. नंबर द्यायला कुणी नाही, म्हणून लोक आपसात ठरवून आत येतात आणि ठरवताना भांडतात. तुमच्यासमोर कुणाची टाप नव्हती. काल बाजारपेठेतली एक म्हातारी आत येऊन बसली आणि म्हणाली, "आज दारात कुनी काय इचारलंच न्हाय, तशीच आले बाई." तिला चुकल्यासारखं वाटत होतं. मी तिला काय होतंय ते विचारलं आणि पुढं अर्धं मिनिट मला तिचं एक अक्षर ऐकू आलं नाही.

तुम्ही जाऊन अजून महिना व्हायचाय. लोक विचारतात तेव्हा मी सांगते, मामा निवृत्त कंपाउंडर होते, माझ्या दवाखान्यात मदतीला यायचे. ऐकायला किती गरीब वाटतं! मदतीला! जन्मभर सरकारी दवाखान्याच्या खिडकीतून औषधं दिलेला माणूस घरात बसवत नाही म्हणून येडशीत माझ्या होमिओपॅथीच्या दवाखान्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसला आणि पहिल्याच दिवशी त्यानं माझे तीन पेशंट परत पाठवले. तिसऱ्याला तर तुम्ही रिक्षात बसवून दिलंत. मी आतून ऐकत होते. "छातीत भरून येतंय व्हय? घाम येतोय? मग हितं कशाला आलाव? धाराशिव गाठा सरळ."

मी बाहेर आले, चांगली तणतणत. म्हणाले, "मामा, मी रजिस्टर्ड डॉक्टर आहे. माणूस आत येऊ दे, मला बघू दे, मग मी ठरवीन कुठं पाठवायचं ते."

तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "रजिस्टर तू झालीस, वैशे. तुझ्या गोळ्या कुठं रजिस्टर झाल्यात?"

त्या दिवशी मी तुमच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या आधी येऊन बसला होतात, केसपेपर लावून ठेवले होते, आणि माझ्यासाठी मामीकडून शेंगाची चटणी आणली होती. तुमचं माफी मागणं असंच असायचं. मुद्दा मात्र तसूभर सोडायचा नाही.

तुम्हाला माझं वाईट व्हावं असं कधी वाटलं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. तामलवाडीहून आईनं मला शिकायला तुमच्याकडं ठेवलं तेव्हापासून मी तुमच्या घरातलीच. संध्याकाळी तुम्ही कागदाचे चौकोन कापून मला पुड्या बांधायला शिकवायचे, पावडरचा कणही बाहेर येता कामा नये अशा. एमबीबीएसला नंबर लागला नाही तेव्हा घरात सुतक असल्यासारखं झालं होतं. होमिओपॅथीला प्रवेश घ्यायला तुम्हीच सोबत आलात. कॉलेजच्या दारात एवढंच म्हणालात, "लोक तुला डॉक्टर म्हनत्याल. मग तसं वागावं लागंल." मला वाटलं होतं, काही धीर द्याल. आता वाटतं, तेवढंच सांगण्यासारखं होतं.

आपली भांडणं गावाला पाठ होती. खंडेनवमीला मी दवाखान्यातल्या सगळ्या वस्तू मांडायचे, स्टेथोस्कोप, बीपीचं मशीन, औषधांची पेटी, आणि भिंतीवरचं नोंदणीचं सर्टिफिकेट फ्रेमसकट उतरवून मधोमध ठेवायचे. तुम्ही सगळ्याला हळदकुंकू लावायचे आणि फ्रेम ओलांडून पुढं जायचे. मी म्हणायचे, "मामा, राहिलं." तुम्ही म्हणायचे, "पूजा हत्याराची असती, कागदाची न्हाय." मग मीच लावायचे, मुद्दाम तुमच्यासमोर, चांगलं बोटभर कुंकू. काचेवर त्याचा डाग अजून आहे.

तेरखेड्याचा तो माणूस तुम्हाला आठवत असेल. दिवाळीच्या आधीचे दिवस होते, फटाक्यांच्या कामात पंजा भाजलेला, वर ओलं फडकं गुंडाळलेलं. मोटारसायकलवर मागं बसून आला होता. तुम्ही त्याला दारातूनच घेऊन गेलात, थेट धाराशिवला, आणि दुपारी परत आलात ते चिडूनच. तेरखेड्याच्या बाजूला नोकरी केलेली, भाजलेले हात तुम्ही मोप बघितले होते. मला वाटलं, त्याच्यावर चिडलात. तर तुम्ही म्हणालात, "त्यानं तुझी पाटी वाचली. नाव वाचलं, नंबर वाचला. शिकलेला हाय ना! अडानी असता तर नीट मोठ्या दवाखान्यात गेला असता."

"मी पाठवलंच असतं त्याला पुढं," मी म्हणाले.

"पाठवलं असतंस. तासभर बाकड्यावर बसल्यावर."

मला उत्तर सुचलं नाही की मी आवाज चढवते, हे तुम्हाला माहीत होतं. मी म्हणाले, मग काय, पाट्या काढून टाकायच्या? परवाने बंद करायचे? म्हणजे मग जो उठेल तो सुई टोचेल आणि कुणाला धरायचं तेच कळणार नाही. माझा नंबर आहे, म्हणजे निदान माझं नाव सापडतं, माझी तक्रार करता येते. तुम्ही हातातले केसपेपर खाली ठेवलेत. मग म्हणालात, "हे खरं हाय." इतक्या वर्षांत एवढं एकदाच म्हणालात म्हणून लक्षात आहे. आणि लगेच, "पन तुझ्या गोळ्यानं बरं न्हाय वाटलं म्हनून आजवर कुनी तक्रार केली का? परवान्यानं मानूस सापडतो. औषध खरं का खोटं, ते कुनी बघायचं?"

हायवेला मातीचे लेप देणारे ते निसर्गोपचारवाले गृहस्थ सह्या गोळा करत आले, तेव्हा तर तुम्ही कहर केलात. बिचारे सभ्य होते. निसर्गोपचाराला कायद्याचं संरक्षण हवं, नोंदणी हवी, म्हणजे भोंदू लोक आपोआप बाजूला पडतील, असं त्यांचं म्हणणं. मी सही केली. तुम्ही अर्ज शेवटपर्यंत वाचलात आणि विचारलंत, "कोनता आजार तुमच्याच्यानं बरा व्हत न्हाय?"

ते हसले. म्हणाले, "शरीर शुद्ध झालं की सगळे आजार जातात."

"मग सही न्हाय करत," तुम्ही म्हणालात. "ज्याला न्हाय म्हनता येत न्हाय त्याला सरकारी शिक्का दिला तर लई अवघड व्हईल. आज लोक तुमच्याकडं येताना जरा तरी भीत्यात. ती भीती राहू द्या."

ते गेल्यावर मी तुम्हाला उद्धट म्हणाले. खरंच म्हणाले, मामा. तुम्ही नुसते हसलात आणि पुढच्या पेशंटला नंबर दिलात.

पण तुम्ही माझ्या कामाला सरसकट नावं ठेवली असंही नाही. एकदा, पाऊस धरून आला होता आणि पेशंट नव्हते, तुम्ही आत येऊन बसलात आणि म्हणालात, "तू ऐकतीस गं. आमच्या खिडकीत मला मान वर करायला फुरसत नसायची. तू अर्धा अर्धा तास ऐकतीस, निम्मं दुखणं तिथंच उतरतं. पाटीवर तेवढंच लिही. हितं ऐकून घेतलं जाईल. त्याला परवाना बी लागत न्हाय." मी तेव्हा ते टोमणा म्हणून घेतलं. खवचट बोलायची सवय ना तुम्हाला, माणूस चांगलं बोलला तरी कळायचं नाही.

मग तो कोर्स. आमच्यासारख्यांनी वर्षभर शिकून परीक्षा दिली की आधुनिक औषधंही लिहिता यावीत, असा तो. आठवड्यातले दोन दिवस मी दवाखाना बंद ठेवून जायचे. तुम्ही रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, आज सरकार हो म्हणालं, आज थांबा म्हणालं, आज ते एमबीबीएसवाले डॉक्टर संपावर गेले, आज तुमचे लोक मोर्चाला निघाले. मी म्हणाले, "शिकतेय ना मी? शिकण्याचा पण राग?"

"शिकन्याचा न्हाय. शीक की. जन्मभर शीक. पन परीक्षा झाली की तू पाटीवर आनखी एक ओळ लिहशील. मग मानसाला कसं कळायचं, आज बाई कोनत्या ओळीतली डॉक्टर हाय?"

मी पास झाले. वेगळ्या रजिस्टरात नाव लागायचं की नाही, ते अजून वर अडकलंय. पेढे मी घरी आणले तेव्हा तुम्ही साखर वाढलेली म्हणून अर्धा खाल्लात आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात. मला वाटलं, हरलात. वाद जिंकल्याचा आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

आता ते लिहायचं, जे लिहायला बसले आणि इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत राहिले.

गुरुवारी सकाळी तुम्ही खुर्चीवरून उठून आत आलात. बाकड्यावरची माणसं बघत होती, तरी दार लोटलं नाहीत. म्हणालात, "वैशे, पोटात वरच्या अंगाला जळजळतंय दोन दिवस. मळमळतंय बी. काय असलं तर दे."

मामा, अठरा वर्षांत तुम्ही माझी एक गोळी खाल्ली नव्हती. सर्दीची नाही, पडशाची नाही. आणि त्या दिवशी तुम्ही हात पुढं केलात. मी इतकी हरखले, इतकी हरखले! कधीपासून, काय खाल्लं, झोप कशी, सगळं विचारलं, तुम्ही शहाण्या पेशंटसारखी उत्तरं दिलीत. मी पित्ताच्या गोळ्या काढल्या, पुडी बांधली, तुम्ही शिकवली तशी. तुम्ही पुडी हातात धरून बघितलीत आणि म्हणालात, "बांधलीस मात्र झकास." मी हसले. तुम्हीही हसलात.

ज्या कोर्सवरून आपण भांडलो, त्याच कोर्समध्ये मला शिकवलं होतं, साखर असलेल्या वयस्क माणसाला हृदयाचा झटका येताना छातीत कळ येईलच असं नाही. नुसती जळजळ, नुसती मळमळ असू शकते. मी वहीत त्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. परीक्षेत तो प्रश्न आला होता आणि मी उत्तर बरोबर लिहिलं होतं. आणि तुम्ही समोर बसला होतात, साखर असलेले, सत्तरीचे, जळजळ होणारे, आणि मला त्यातलं काही आठवलं नाही. मला फक्त एवढं दिसत होतं, मामांनी माझ्याकडं औषध मागितलं. दारात दुसरं कुणी असतं आणि तुम्ही खुर्चीवर असता, तर तुम्ही एका वाक्यात त्याला रिक्षात बसवलं असतं. त्या दिवशी खुर्ची रिकामी होती, कारण तुम्ही आत होता.

शुक्रवारी विचारलं तर म्हणालात, "उतार हाय." मी कौतुकानं मामीला फोन करून सांगितलं.

रविवारी सकाळी मामीचाच फोन आला. अंघोळीचं पाणी काढून तुम्ही ओट्यावर टेकलात ते उठलाच नाहीत. मी धावत आले तेव्हा बादलीतलं पाणी कोमट होतं.

तेराव्याला मांडवात बायका मला जवळ घेऊन रडत होत्या. "घरात डॉक्टर असून काळाला चुकवता आलं न्हाय." "भाचीनं औषध दिलं होतं गं, लई केलं पोरीनं." सगळ्यांना माहीत होतं मी गोळ्या दिल्या होत्या, मामीनंच सांगितलं होतं, अभिमानानं. आणि एकानंही मला विचारलं नाही की काय दिलंस, का दिलंस, पुढं का पाठवलं नाहीस. एखाद्या भगतानं तुम्हाला अंगारा दिला असता आणि तुम्ही तीन दिवसांत गेला असता, तर तुमच्या भावकीनं त्याची गचांडी धरली असती. माझ्यापुढं लोक हात जोडत होते. माझा नंबर आहे ना पाटीवर.

तुमचं म्हणणं मला पटलं ते आपल्या एकाही भांडणात नाही, मामा. तुमच्या तेराव्याच्या मांडवात पटलं, बुंदीची पातेली मांडून पंगत बसत असताना. तक्रार करायची तर मीच माझी करायला हवी, असंही मनात आलं. पण लिहू काय? पित्ताची लक्षणं सांगितली, पित्ताच्या गोळ्या दिल्या. त्या द्यायचा मला अधिकार आहे. कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात बघा, मी काही चुकले नाही. इतकं भयंकर वाक्य मी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

म्हणून मी ठरवलं, निदान मामीला खरं सांगायचं. पाहुणे गेल्यावर, परवा दुपारी, ती तांदूळ निवडत बसली होती तिथं जाऊन बसले. म्हणाले, "मामी, माझी चूक झाली. ते पित्त नव्हतं. मला कळायला पाहिजे होतं. मी मामांना त्याच दिवशी धाराशिवला न्यायला पाहिजे होतं." मला वाटलं, ती ओरडेल. ताट भिरकावेल. मला ते हवंच होतं.

मामी खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "त्यास्नी ठावं होतं."

मला समजलं नाही.

"बुधवारीच म्हनले मला, पित्त बी आसंल, दुसरं बी आसंल. म्या म्हनलं, मग चला की सरळ धाराशिवला. तर म्हनले, जाऊन चालायचं न्हाय. स्टँडवर सगळे वळखत्यात. पोरीच्या दारात बसनारा तिचा सख्खा मामा दुसऱ्या डॉक्टरकडं गेला म्हनल्यावर तिच्याकडं कोन येईल? आधी तिच्याकडनं गोळ्या घेतो, लोकं बघत्याल. मंगळवारी तुळजापूरला दर्शनाला जातो म्हनून निघू, अन् तसंच पुढं सोलापूरला जाऊन दाखवू. कुनाला कळायचं न्हाय." तिनं पदरानं डोळे पुसले. "मंगळवार यायला दोनच दिवस ऱ्हायले होते गं."

मी तिथून उठले आणि मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. रडू आलं नाही. राग आला, मामा. तुमचा. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मला तुमचा असा राग आला की तुम्ही समोर असता तर मी काय बोलले असते मला सांगता येत नाही. गोळ्यांवर तुमचा विश्वास बसला, असं मला वाटलं होतं. तुम्ही त्या खिशात ठेवल्या का खाल्ल्या, तेही मला माहीत नाही. मामीला विचारायचा धीर होत नाही. आख्ख्या येडशीला तुम्ही सांगत होतात की पाटी बघू नका, दुखणं बघा. आणि स्वतःची वेळ आली तेव्हा माझी पाटी सांभाळत बसलात.

काय झालं असतं मामा? तुम्ही भर सकाळी येडशीच्या स्टँडवर उभे राहिला असता, चारचौघांनी विचारलं असतं, तुम्ही सांगितलं असतं की हे वैशीच्या आवाक्यातलं न्हाय. गाव मला हसलं असतं. चार दिवस हसलं असतं. मी लाजेनं दवाखाना बंद ठेवला असता, तुमच्याशी अबोला धरला असता, आणि पाचव्या दिवशी धाराशिवच्या दवाखान्यात तुमच्या खाटेशेजारी बसून तुमच्याशी कडाकडा भांडले असते.